कुलगुरू कोण व्हावा : शिकवणारा, की धोरणवाला?

गठ्ठेवाला | १५ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

काल नामविस्तार दिन होता (मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं तो दिवस). सवयीनं विद्यापीठाच्या गेटवर जाऊन आलो. गुडघे आता पूर्वीसारखे ऐकत नाहीत, म्हणून मिलिंद कॉलेजच्या बाजूलाच रिक्षा सोडली आणि पुढं गर्दी नेईल तिकडं गेलो. पुस्तकांच्या स्टॉलवर दोन पुस्तकं घेतली, एका पोरानं हात धरून रस्ता ओलांडून दिला, घरी आलो.

आल्या आल्या पुतण्याचा फोन. तो ॲरिझोनात असतो, त्याची मुलगी तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. म्हणाला, "काका, इथला प्रेसिडेंट २००२ पासून एकच आहे. शास्त्रज्ञ नाही, साहित्यिक नाही, सार्वजनिक धोरण हा त्याचा विषय. तुमच्याकडं असा माणूस कुलगुरू का होत नाही?" मी म्हटलं, बाबा रे, २००२ पासूनचे आमचे कुलगुरू मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत, प्रभारी धरले तर दुसराही हात लागेल.

हसून फोन ठेवला खरा, पण विषय डोक्यातून जाईना. कारण ६ जानेवारीला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) नव्या नियमांचा मसुदा काढलाय आणि त्यात नेमकं हेच आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे कुलगुरू व्हायला प्राध्यापक म्हणून दहा वर्षं, किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत तेवढा अनुभव लागतो. मसुदा म्हणतो, उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण किंवा सरकारी उपक्रम यांत वरच्या पदावर दहा वर्षं काढलेला माणूसही चालेल, विद्वत्तेचं काम मात्र दाखवता आलं पाहिजे.

मी विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून सुटलो. मधली बहुतेक वर्षं परीक्षा विभागात, गठ्ठ्यांमध्ये गेली (म्हणून हे नाव). कुलगुरूंच्या दालनात मांडी घालून बसायची वेळ कधी आली नाही, पण सात-आठ कुलगुरू येताना-जाताना पाहिले. माझं मत आहे, ते नंतर लिहितो. आधी तुमचं ऐकू द्या. पक्षाचा चिखल तेवढा आणू नका.

---

बोरसर_बोर | १५ जानेवारी, रात्री १०.०५

पब्लिक पॉलिसी म्हणजे एलआयसीचीच ना? आमचे मामा जालन्यात एजंट हैत. लई वर्षांचा अनुभव. करून टाका कुलगुरू. 😄

---

तासिका_तत्त्व | १५ जानेवारी, रात्री १०.३१

बोरसर, हसू नका. विद्यापीठात एलआयसी आहेच की! संलग्नीकरणासाठी जी स्थानिक चौकशी समिती येते, तिला सगळे एलआयसीच म्हणतात. ती पाहिली नसेल तर तुम्ही उच्च शिक्षण पाहिलंच नाही.

एका कॉलेजात (नाव नको, पोट आहे) मी तासिका तत्त्वावर होतो. समिती येणार म्हटल्यावर आदल्या रात्री टेम्पोतून पुस्तकं आली. आम्ही तिघं ती रॅकवर लावत बसलो. मी एक उघडलं तर आत शिक्का दुसऱ्याच गावच्या कॉलेजचा. संस्थाचालकांना दाखवलं. ते म्हणाले, "सर, पहिलं पान कोण उघडतं? पाठ बाहेर दिसली की झालं." आणि खरंच कुणी उघडलं नाही. समितीनं ग्रंथालयात चार मिनिटं काढली, जेवणात दीड तास. पुरणपोळी, वर तूप, आणि निघताना प्रत्येकाला शाल. संध्याकाळी टेम्पो परत.

आता सांगा, ह्या समितीचा अहवाल ज्याच्या टेबलावर जातो तो कुलगुरू रसायनशास्त्राचा असला काय न् धोरणशास्त्राचा असला काय. अहवालात लिहिलेलं असतं : ग्रंथालय समाधानकारक.

---

परभणीची_पोर | १५ जानेवारी, रात्री ११.१८

मी सध्या सार्वजनिक धोरणातच एम.ए. करतेय (मराठवाड्याबाहेर, कारण इथं मला हवा तसा अभ्यासक्रम सापडला नाही). घरी अजून कुणाला कळलेलं नाही मी काय शिकते ते. आजी शेजारणीला सांगते, "कलेक्टरचं करायलीय."

एकदा दांडेकर समितीचं उदाहरण देऊन समजावलं आणि वडिलांना पटकन कळलं. १९८३ साली शासनानं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, विजेचे पंप, प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा तिच्या किती खाली आहे ते मोजायचं. जेवढा खाली, तेवढा अनुशेष. १९८४ ला अहवाल आला आणि तेव्हापासून "अनुशेष" हा शब्द मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मोजपट्टी कुठली धरायची, पैसा कुठल्या खात्यातून, कुठल्या क्रमानं न्यायचा, आणि तो पोचला का हे कोण बघणार, एवढंच सार्वजनिक धोरण. वडील म्हणाले, "म्हणजे हिशोब मागायचं शास्त्र." मी म्हटलं, हो, बहुतेक.

तेव्हा गठ्ठेवाले काका, ह्या मसुद्यानं निदान माझ्या विषयाचं नाव तरी कुठंतरी छापलं, म्हणून मी थोडी खूश आहे. थोडीच. कारण त्याच मसुद्यात कुलगुरू-निवडीची समिती कुलपतींनी (राज्याच्या विद्यापीठात म्हणजे राज्यपालांनी) नेमायची आणि तिच्यात राज्य शासनाचा माणूस नाही, असंही आहे. एक सदस्य कुलपतींचा, एक यूजीसी अध्यक्षांचा, एक विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा. केरळ आणि तमिळनाडूनं ह्यावरूनच विरोध चालवलाय.

---

वाळवंटी | १६ जानेवारी, सकाळी ७.१२

मूळचा उदगीरचा, आता ॲरिझोनात. मूळ धाग्यातले गृहस्थ म्हणजे मायकल क्रो. त्यांची वाट अशी : सिराक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमधून लोकप्रशासनात डॉक्टरेट (१९८५), विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा अभ्यास, मग कोलंबियात प्राध्यापकी आणि तिथंच वरची प्रशासकीय पदं, आणि जुलै २००२ पासून ॲरिझोना स्टेटचं अध्यक्षपद. म्हणजे ते निव्वळ सरकारी बाबू नव्हेत, धोरण शिकवणारे प्राध्यापकच आहेत. पुतण्याला हे सांगा.

त्यांनी केलं काय? एक, विभागांच्या भिंती पाडल्या. मानववंशशास्त्रासारखे जुने विभाग मोडून नव्या ‘स्कूल्स’मध्ये विलीन केले, २००६ ला शाश्वत विकासाची स्वतंत्र ‘स्कूल’ काढली. प्राध्यापक भडकले होते, ते काही सगळे टाळ्या वाजवत नव्हते. दोन, विद्यापीठाच्या सनदेतच घातलं की आमची किंमत आम्ही किती जणांना नाकारलं त्यावर करू नका, किती जणांना आत घेतलं आणि त्यांचं पुढं काय झालं त्यावर करा. तिथल्या बड्या विद्यापीठांत किती टक्के अर्ज फेटाळले हीच मिरवायची गोष्ट असते, म्हणून ही ओळ गाजली. २००८ च्या मंदीनंतर राज्यानं अनुदानाला मोठी कात्री लावली, तरी यांनी प्रवेश वाढवत नेले आणि ऑनलाइन शिक्षण प्रचंड फुगवलं. आज विद्यार्थी लाखाच्या वर आहेत.

पण तुलना करताना जपून. इथं संलग्न कॉलेज नावाचा प्रकारच नाही. तासिका_तत्त्व यांनी लिहिलेला टेम्पो क्रोसाहेबांना कधी भेटलेला नाही. आणि बावीस वर्षं! आपल्याकडं २०१६ च्या कायद्यानं पाच वर्षं, किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते, आणि त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक नाही. क्रोंनी पहिल्या पाच वर्षांत जे सुरू केलं त्यातलं निम्मं तेव्हा नुसतं भांडण होतं.

अजून दोन नमुने देतो. डोना शलाला : ह्याही मॅक्सवेलच्याच. १९७५ ला न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना त्याला सावरणाऱ्या महामंडळाच्या खजिनदार, मग हंटर कॉलेजच्या अध्यक्ष, विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या चॅन्सलर, क्लिंटन यांच्या पूर्ण काळात आरोग्यमंत्री, त्यानंतर २००१ पासून चौदा वर्षं मायामी विद्यापीठाच्या अध्यक्ष. एकदा इकडं, एकदा तिकडं. आणि मिच डॅनिअल्स : इंडियानाचे गव्हर्नर, ते पद सुटल्या सुटल्या २०१३ ला पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष. त्यांनी राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी दहा हजार डॉलरच्या आतच गोठवली आणि पद सोडेपर्यंत वाढू दिली नाही. पालक खूश. मात्र ज्या विश्वस्त मंडळानं त्यांना निवडलं, त्यातले बहुतेक विश्वस्त त्यांनीच गव्हर्नर असताना नेमलेले होते.

---

बोरसर_बोर | १६ जानेवारी, सकाळी ८.५०

म्हंजी आपणच संचालक नेमायचे आन् त्यांनी आपल्यालाच चेअरमन करायचं. हे तर आमच्या साखर कारखान्यासारखंच झालं. काहून अमेरिकेला जायचं मग?

---

इतिहासाचा_कीडा | १६ जानेवारी, दुपारी १.२७

चर्चा "नवीन काहीतरी येतंय" अशा सुरात चाललीय, म्हणून थोडं जुनं उकरतो.

आपल्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू कोण? सुंदरराव डोंगरकेरी. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा मुंबई विद्यापीठात रजिस्ट्रार आणि नंतर रेक्टर राहिलेला हा माणूस इथं आणला गेला. म्हणजे वर्गात शिकवण्यापेक्षा विद्यापीठ चालवण्यातच ज्याची हयात गेली असा. आणि ते शहाणपणाचंच होतं. तोवर आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. ते विद्यापीठ १९१८ चं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. १९४८ ला निजाम गेला, १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर दोन वर्षांत आपलं विद्यापीठ. इमारत नाही, परंपरा नाही, परीक्षेचे नियम कोरे. अशा वेळी फाइल कशी सुरू करायची हे ठाऊक असलेला माणूसच लागतो.

आणखी मागं जायचं तर मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग, साल १८९२. हायकोर्टाचे न्यायमूर्ती. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. चिंतामणराव देशमुखांचं तर विचारूच नका : आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा, मग यूजीसीचे अध्यक्ष, आणि त्यानंतर १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. धनंजयराव गाडगीळ पुण्याचे कुलगुरू होते, तिथून १९६७ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. भालचंद्र मुणगेकर मुंबईचे कुलगुरू, मग नियोजन आयोग. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतून पुण्याचे कुलगुरू, तेही पुढं नियोजन आयोगावर. ह्यात धोरणवाले कोण आणि शिकवणारे कोण, ही गाठ सोडवून दाखवा बरं.

उलट बाजूही आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं म्हटलं होतं की कुलगुरू नामवंत शिक्षणतज्ज्ञ असावा, आणि इतर क्षेत्रांतून निवृत्त झालेल्यांना तिथं बसवण्याला आपली साधारणपणे पसंती नाही. कारण उघड आहे. निवृत्त माणसांची सोय लावायला जागा कमी पडतात.

मराठवाड्यातला सगळ्यात बोलका प्रवास मात्र ह्याच्या नेमका उलट्या दिशेचा आहे. जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचे अभ्यासक, लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजचे प्राचार्य (तो "लातूर पॅटर्न" ज्या काळात घडला तेव्हाचे), १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं त्याचे पहिले कुलगुरू, नंतर लातूरचे नगराध्यक्ष, आणि २००८ ते २०१४ राज्यसभा. नगरपालिकेतून कुलगुरू नव्हे, कुलगुरूपदावरून नगरपालिकेत! गावाच्या नळाचा आणि गटाराचा प्रश्न हाताळायला गेलेला कुलगुरू दुसरा आठवत नाही मला.

आणि एक विसरू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला, दंगली पेटल्या, दलित वस्त्या जळाल्या, आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत जे जे त्या खुर्चीवर बसले त्यांना कुठल्या विषयातली डॉक्टरेट उपयोगी पडली असेल?

---

फाइल_क्रमांक_सात | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.०२

मंत्रालयात अवर सचिव म्हणून निवृत्त, मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात. आमच्या जमातीला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितो.

तुम्ही लोक कुलगुरूला राजा समजता. त्याच्या हातात काय आहे ते पाहा. शिक्षक भरायचे तर आकृतिबंध (किती पदं असावीत तो तक्ता) मंजूर हवा, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणात ती यादी) तपासलेली हवी, उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा प्रस्ताव हवा आणि त्यावर वित्त विभागाची सहमती. कुठलाही शासन निर्णय काढून शेवटचा परिच्छेद वाचा : "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये प्राप्त झालेल्या सहमतीने". ह्या एका ओळीसाठी प्राध्यापक मंडळी वर्ष-वर्ष मुंबईच्या खेपा घालतात, आणि फाइल कुठं अडलीय हेच त्यांना समजत नाही. मंत्र्यांना भेटून फोटो काढून परत जातात. मंत्री फाइल अडवत नाहीत हो, बहुतेक वेळा ती कक्षात त्रुटी लागून पडलेली असते. धोरण-प्रशासनातला माणूस मंत्र्यांकडं जाण्याआधी कार्यासनात, म्हणजे फाइल हाताळणाऱ्या टेबलाशी जाईल.

निवडीचं म्हणाल तर ओढाताण आजची नाही. डिसेंबर २०२१ ला राज्यानं सुधारणा विधेयक मंजूर केलं : शासनानं दोन नावं सुचवावीत, राज्यपालांनी त्यातलं एक घ्यावं. सरकार बदललं, पुढच्यांनी ते मागं घेतलं. आता दिल्ली म्हणते समितीच आम्ही ठरवू. नाव कुणी सुचवायचं ह्यावर एवढी मारामारी होते ती त्या माणसाच्या पदव्यांसाठी नसते, एवढं समजून घ्या.

---

तासिका_तत्त्व | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.४५

सातसाहेब, तुमची ती एक ओळ यायची वाट पाहण्यात माझ्या वयाची चाळिशी आली. नेट झालंय, पीएच.डी. झालीय, दोन कॉलेजांत तासिका घेतो, मधलं ३८ किलोमीटर मोटारसायकलवर. दिवाळीच्या सुट्टीत पगार नाही, उन्हाळ्यात नाही. विद्यार्थी विचारतात, "सर, तुम्ही परमनंट कधी?" मी म्हणतो, तुम्ही पास व्हा आधी.

तेव्हा रिकाम्या जागा भरून देणारा कुणीही चालेल मला. बाणवाला, धोरणवाला, कुणीही.

आणि वाळवंटी यांनी सांगितलेली ती सनदेची ओळ ऐकायला गोड आहे. पण मराठवाड्यात "किती जणांना आत घेतलं" ह्यात आम्ही जगाच्या पुढं आहोत. गावागावात कॉलेज आहे. पटावर पोरं भरपूर, वर्गात सात. बाकीची पुण्याला कंपनीत, काही ऊसतोडीला. परीक्षेला तेवढी उगवतात. आत घेणं सोपं आहे हो, त्या ओळीचा दुसरा भाग अवघड आहे.

---

परभणीची_पोर | १६ जानेवारी, रात्री ८.२०

सर, हा "पटावर भरपूर, वर्गात सात" आकडा कुठंच नोंदला जात नाही, हेच तर दुखणं आहे. दांडेकर समितीनं जिल्ह्याचे रस्ते मोजले, पंप मोजले. वर्गात बसलेली पोरं कुणी मोजली? मराठवाडा विकास मंडळ तरी होतं, राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली, १९९४ पासून. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली आणि त्यानंतर ते कागदावरसुद्धा राहिलं नाही. अनुशेष मोजणारंच कुणी नाही आता.

---

स्पष्टवक्ता_९९ | १६ जानेवारी, रात्री ८.५८

हे सगळं ठीक आहे, पण खरी गोष्ट अशी की अमुक जातीचा कुलगुरू आला की तमुक जातीच्या

*[पुढील मजकूर काढला आहे. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केली होती. – संपादक]*

---

गठ्ठेवाला | १६ जानेवारी, रात्री १०.१५

आता माझं. लांबेल, पाणी घेऊन बसा.

आमच्या गठ्ठ्यांच्या खोलीला खिडकी एकच. पावसाळ्यात कापडी पिशव्यांना असा कुबट वास सुटायचा की घरी गेल्यावर बायको शर्ट बाहेरच काढायला लावायची. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी, गाठीवर लाख, वर चिठ्ठी : विषय, केंद्र क्रमांक, उत्तरपत्रिकांची संख्या. एका वर्षी एका विषयाचा निकाल रखडला. पोरं किनवट-माहूरकडून एसटीनं यायची, खिडकीत हात घालून विचारायची. आमचं उत्तर ठरलेलं, "प्रोसेसमध्ये आहे." मीही तेच सांगायचो. आज लाज वाटते.

एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचला कुलगुरू आले. एकटे, मागं शिपाईसुद्धा नाही. वनस्पतिशास्त्राचे. बसायला खुर्ची पुसून देतोय तोवर गठ्ठ्यावरच टेकले. म्हणाले, "त्या विषयाचे सगळे गठ्ठे एका बाजूला काढा." काढले. रजिस्टरशी मोजले. एक कमी. तास-दीड तास शोधाशोध झाली, तेव्हा दाराच्या मागं सापडला. अठरा उत्तरपत्रिकांचा बारका गठ्ठा, वर टाचणीनं लावलेला चिटोरा : "नियामकांची सही बाकी". ते नियामक (तपासलेले पेपर फिरून बघणारे) बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेले आणि त्यांना कुणी कळवलेलंच नाही. अठरा पेपरांसाठी अख्ख्या विषयाचा निकाल अडकलेला. साहेबांनी कुणाला झापलं नाही. गठ्ठा स्वतःच्या गाडीत टाकला आणि नियामकांच्या गावी माणूस पाठवला. बुधवारी निकाल लागला. निघताना मला म्हणाले, "हर्बेरियममध्येही (वाळवलेल्या झाडपाल्याच्या संग्रहात) असंच होतं. एक चिठ्ठी चुकली की झाड हरवतं."

दुसरे कुलगुरू शासनाच्या नियोजनात मुरलेले. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून बोलायचे, आम्ही मागून "बाणवाले" म्हणायचो (तासिकासर, तुम्ही हा शब्द कुठून काढला? की ही माणसं सगळीकडं असतात?). त्यांच्याआधी पदांचा प्रस्ताव दोन वर्षं मुंबई-विद्यापीठ-मुंबई फिरत होता. आधीचे साहेब प्रत्येक वेळी शिष्टमंडळ घेऊन जायचे, हार घालायचे, परत यायचे. बाणवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात आस्थापना विभागाला विचारलं, "फाइलवर शेवटचा शेरा काय आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. शोधला, तर बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करून घेतलेली नव्हती. प्रस्ताव दर वेळी त्याच एका त्रुटीवर परत येत होता आणि आम्ही दर वेळी तोच प्रस्ताव नव्या तारखेनं पाठवत होतो. त्यांनी दोन माणसं बसवून नामावली पुरी करून घेतली. फाइल त्यानंतर सुटली. सातसाहेबांचं म्हणणं म्हणून मला पटतं.

पण हेच बाणवाले आमच्या खोलीत एकदाही आले नाहीत. त्यांच्या काळात निकाल पूर्वीइतकेच उशिरा. त्यांनी परीक्षा सुधारणेचा आराखडा केला, गुळगुळीत कागदावर छापला, त्यातही बाण. त्याची एक प्रत आमच्या कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली कितीतरी वर्षं होती. कपाट मात्र हलायचं थांबलं, खोटं का बोलू.

त्यामुळं मला विचाराल तर पदवी काय आणि आधी कुठं होता, ह्यानं फार कळत नाही. अडलेला कागद नेमका कुठं पडलाय ते शोधायची खोड आहे का, एवढं बघावं. एकाला ती झाडापानांत लागली, दुसऱ्याला फायलींत. दोघांच्याही खोडीला हद्द होती. एक मुंबईला घाबरायचा, दुसरा गठ्ठ्यांच्या वासाला.

---

इतिहासाचा_कीडा | १६ जानेवारी, रात्री १०.४८

हर्बेरियमवालं वाक्य वहीत उतरवून घेतलं. एक पुरवणी : हे प्रशासनाचं शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून मांडणाऱ्या पहिल्या काहींत १८८७ साली निबंध लिहिणारे वुड्रो विल्सन येतात. पुढं तेच प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, मग न्यू जर्सीचे गव्हर्नर, मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. प्रिन्स्टनात मात्र पदव्युत्तर कॉलेज कुठल्या जागी बांधायचं ह्या वादात ते हरले. देश चालवणं त्या मानानं सोपं गेलं असावं.

---

वाळवंटी | १७ जानेवारी, सकाळी ६.४०

गठ्ठेवाले काका, मसुद्यात दुसऱ्या टर्मची आणि वयाची ७० पर्यंत मुभा आहे, हे कुणी बोललंच नाही. माझ्या मते त्यातलं सगळ्यात कामाचं तेच. पाचच वर्षं मिळाली तर बाणवाला गठ्ठ्यांच्या खोलीत पोचणार कधी? पहिलं वर्ष सत्कारात, शेवटचं निरोपात.

---

फाइल_क्रमांक_सात | १७ जानेवारी, सकाळी ९.३०

आणि दुसरी टर्म हवी असली की चौथ्या वर्षापासून माणूस कुणाला नाही म्हणत नाही. ते पण बघितलंय.

---

परभणीची_पोर | १७ जानेवारी, सकाळी ११.०५

मसुद्यावर सूचना ई-मेलनं मागवल्यात. मी एक लिहितेय, इथल्या मुद्द्यांवरूनच. निवड समितीत राज्याचा आणि संलग्न कॉलेजांचा माणूस असावा, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं म्हणणं उमेदवारानं मुलाखतीआधी ऐकून घ्यावं, वगैरे. काका, तुमची एक ओळ द्या.

---

गठ्ठेवाला | १७ जानेवारी, सकाळी ११.४०

लिहा : अंतिम यादीतल्या प्रत्येक उमेदवाराला मुलाखतीआधी एक दिवस परीक्षा विभागाच्या चौकशी खिडकीवर बसवावं.

---

परभणीची_पोर | १७ जानेवारी, दुपारी १२.०२

असं लिहून चालत नाही काका, कुठल्या कलमात बदल हवा तो क्रमांक द्यावा लागतो. 🙂

---

गठ्ठेवाला | १७ जानेवारी, दुपारी १२.१०

मग क्रमांक तुम्ही शोधा, तुमचं शिक्षण कशाला आहे. ओळ माझी ठेवा.

---

तासिका_तत्त्व | १७ जानेवारी, रात्री ९.१५

माझंही नाव टाका त्यात. काका, एक काम होतं. उद्या उत्तरपत्रिका तपासणीला विद्यापीठात जायचंय. मागच्या सत्राच्या तपासणीचे पैसे अजून जमा नाहीत. कुणाला विचारू?

---

गठ्ठेवाला | १७ जानेवारी, रात्री ९.२२

पहिल्या खिडकीवर विचारू नका, ते "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतील. आत बिलं काढणाऱ्या टेबलावर जा, दुपारच्या चहाच्या आधी. आणि पासबुक घेऊन जा. तुमचं खातं जुन्या हैदराबाद बँकेचं असेल तर त्यांच्याकडं अजून २०१७ च्या विलीनीकरणाआधीचाच आयएफएससी असणार.